कोरडी चादर

दुपारी चार वाजता सहा नंबरच्या खोलीतल्या खिडकीकडच्या पलंगाची चादर ओली सापडली. ती गोदामवाल्यांना सापडली. रोजच्याप्रमाणे त्यांनी बायकोच्या कमरेखाली पंजा सरकवला, बोटे दाबून पाहिली, हात बाहेर काढून अंगठा तर्जनीवर घासला आणि घंटेचे बटण दाबून धरले.

शुश्रूषागृहातले सगळे त्यांना गोदामवाले म्हणत. धान्याच्या गोदामात माल उतरवून घेण्याआधी त्यातली ओल तपासणे, हे काम त्यांनी निवृत्तीपर्यंत केले. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर दाणे काढायचे, एक दाढेखाली धरायचा. कट्कन फुटला तर गाडी आत, दबला तर गाडी परत. पुढे ओल मोजायचे यंत्र आले. गोदामवाले आधी हात घालत, मग यंत्र लावत, आणि दोघांचे जमले नाही तर यंत्र दुरुस्तीला पाठवत. ओल आपोआप येत नाही, कुणाच्या तरी हलगर्जीपणाने येते, असे त्यांचे मत होते. गोदामापुरते ते खरेही होते.

घंटेला उत्तर म्हणून आली ती तोफ. हे नाव तिला शेजारच्या पलंगावरच्या मास्तरीणबाईंनी ठेवले होते. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, सहा ते नऊ या चार खोल्या एकटीने सांभाळणारी परिचारिका.

"काय झालं? आग लागली?"

"चादर ओली आहे."

"मग? पाणी पाजलं की ओलं होणारच. काकू माणूस आहेत. दगड ठेवा पलंगावर, जन्मभर कोरडा राहील."

"कधीपासून ओली आहे ते विचारतोय मी."

"मी काय खाली बसून वाट बघत होते?"

"तोफ उडाली," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मुलांनो, कानांत बोटं घाला."

"तुम्ही गप्प पडा हो बाई. तुमचंही बघायचंय अजून."

तोफेने बायकोचा दंड धरून तिला एका झटक्यात कुशीवर वळवले, चादर ओढली, रबरी कापड पुसले, नवी चादर खोचली आणि दुसऱ्या झटक्यात पुन्हा उताणे केले. सगळे होईपर्यंत गोदामवाल्यांना चष्मा नाकावर नीट बसवायलाही वेळ मिळाला नाही. बायकोच्या दंडावर बोटांचे लाल ठसे उमटले होते. झग्याची पुढची बाजूही हनुवटीपासून छातीपर्यंत ओली होती.

"हे काय?"

"पाजताना सांडलं. तोंड एका बाजूनं मिटत नाही त्यांचं. दिसत नाही का तुम्हाला?"

तोफ गेली. बायकोने डोळे मिटून घेतले होते. झटका आल्यापासून तिची वाचा गेली होती, उजवी बाजूही. उरले होते ते डोळेच, आणि गोदामवाले त्या डोळ्यांवरून तिच्या मनातले ओळखत असत, निदान ओळखतो असे मानत असत. मिटलेल्या डोळ्यांचा अर्थ त्यांनी भीती असा लावला.

तिला इथे ठेवण्याआधी त्यांनी घरी करून पाहिले होते. न्हाणीघरातून आणताना एकदा त्यांची कंबर धरली आणि दोघेही पलंग आणि भिंत यांच्या मधल्या फटीत पडले. शेजारीण विरजण मागायला येईपर्यंत दोघे तिथेच होते. शेजारणीने आधी त्यांना काढले, मग दोघांनी मिळून तिला. त्यानंतर मुलीने फोनवर एकच वाक्य उच्चारले, "बाबा, आता पुरे." मुलगी दूर असते. तिने चार ठिकाणी चौकशी केली. जागा फक्त इथे होती.

भेटीची वेळ तीन ते पाच. पाच ते दुसऱ्या दिवशीचे तीन या वेळात बायकोचे काय होते, हे गोदामवाल्यांना माहीत नव्हते. बंद गोदामाचे काय होते हेही त्यांना पूर्वी माहीत नसायचे. त्यासाठी त्यांच्याजवळ एक युक्ती होती. सुट्टीच्या आदल्या दिवशी ते निवडक पोत्यांच्या शिवणीत सुतळीचा एक सुटा तंतू अडकवून ठेवत. सुट्टीनंतर तंतू नसला तर पोते कुणीतरी उघडले. या युक्तीने त्यांनी दोन हमाल आणि एक साहेब पकडला होता. हमाल घरी बसले, साहेबाची बदली झाली.

त्या दिवशी निघताना त्यांनी खिशातल्या सुतळीतून एक तंतू सोडवला आणि पायाकडच्या बाजूला, चादर गादीखाली खोचतात त्या घडीत ठेवला.

तंतूचा निकाल लवकर लागला. तोफेच्या पाळीत तो रोज नाहीसा व्हायचा, म्हणजे चादर रोज ओली होऊन बदलावी लागायची. आठवड्यातून दोन दिवस तिच्या जागी ताई असे, त्या दिवशी तो जागेवर सापडायचा. ताई तरुण होती, तिचा आवाज मऊ होता, आणि खोलीत येताना ती दारावर टकटक करायची. "काका, आज काकूंनी छान झोप काढली हं," असे सांगायची. तिच्या दिवशीची चादर पाटासारखी सपाट असायची. पंजा घातला तर कोरडी ठणठणीत.

गोदामवाल्यांनी हिशेब मांडला. ओल होते ती एकीच्याच हाताखाली. दंडावर ठसे उमटतात तेही तिच्याच हातचे. बोलणे तर सगळी खोलीच ऐकते.

"बाबा, लेखी द्या," मुलगी फोनवर म्हणाली. "तोंडी सांगितलेलं कुणी मनावर घेत नाही. आणि आईच्या दंडाचा फोटो काढा."

"फोटोत लाल दिसत नाही नीट."

"तरी काढा."

त्यांनी लेखी दिले. व्यवस्थापक मॅडमनी त्यांच्यासमोरच ते वाचले, खेद व्यक्त केला, आणि तिसऱ्या दिवशी तोफेला कामावरून कमी केले. कोणतीही कचेरी इतक्या लवकर हलत नाही, हे जन्मभर नोकरी केलेल्या माणसाला खटकायला हवे होते. खटकले नाही.

तोफ जाताना सहा नंबरच्या दारात येऊन उभी राहिली. खांद्याला पिशवी होती.

"चाललात?" मास्तरीणबाईंनी विचारले. "आता आम्हाला ओरडणार कोण?"

"तुम्ही एकमेकींना ओरडा." मग ती गोदामवाल्यांकडे वळली. "मिळेल हं काका, तुम्हाला कोरडी चादर. अगदी हवी तशी."

जाताना माणूस टोमणा मारणारच, असे ते धरून चालले.

पुढचे काही आठवडे त्यांच्या हाताला ओल लागली नाही. ताई आता रोज होती. टेबलावरचे पाण्याचे भांडे नेहमी काठोकाठ भरलेले असे आणि त्यावर झाकण. तंतू तर असा टिकला की त्यांनी तो बदलणेच सोडून दिले. एकदा ते ताईसाठी फळे घेऊन गेले. "कशाला हो काका," ती म्हणाली, "माझं कामच आहे ते." मुलीला त्यांनी फोनवर सांगितले की आई शांत आहे, दिवसभर झोपते, अजिबात त्रास देत नाही. मुलगी म्हणाली, बघा, लेखी दिल्याचा उपयोग होतो.

मास्तरीणबाई मात्र गप्प झाल्या होत्या. टोमणे बंद, हजेरी घेणे बंद. गोदामवाल्यांना वाटले, तोफ गेल्याने त्यांची करमणूक गेली.

एका दुपारी ताई औषधांची गाडी घेऊन पलीकडच्या खोलीत गेली आणि मास्तरीणबाईंनी डोळे उघडले.

"गोदामवाले. इकडे या. चपला वाजवू नका."

ते गेले.

"पाणी द्या."

"तुमच्या टेबलावर भरून ठेवलंय की."

"टेबल कुठे आहे ते बघा."

टेबल पलंगापासून हातभर दूर, भिंतीला टेकवलेले होते. गोदामवाल्यांनी पेला भरून दिला. मास्तरीणबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला आणि रिकामा होईपर्यंत ओठांपासून हलवला नाही. दुसरा पेलाही तसाच संपवला. मग त्यांनी हनुवटी पुढे केली.

"पुसा."

"काय?"

"ओठ पुसा माझे. ओले दिसले की विचारतात. आणि भांडं होतं तेवढं भरून ठेवा. नळ त्या कोपऱ्यात आहे."

गोदामवाल्यांनी भांडे भरले, पण त्यांचा विश्वास बसला नव्हता. मास्तरीणबाई ऐंशीच्या पुढच्या. मागच्याच महिन्यात त्यांनी डॉक्टरांना, तू माझ्या वर्गातला खडू चोरणारा मुलगा, म्हणून ओळखले होते आणि हात पुढे करायला लावला होता. अशा माणसाच्या बोलण्यातले किती धरायचे आणि किती सोडायचे? शिवाय म्हाताऱ्या माणसाला आपण उपाशी आहोत असे वाटते, तसे तहानलेले आहोत असेही वाटत असेल.

त्यांनी बायकोच्या टेबलावरचा चमचा घेतला, पाण्यात बुडवला आणि तिच्या ओठांना लावला.

तिने चमचा दातांत धरला. पाणी केव्हाच गेले होते, पण ती चमचा सोडेना. त्यांनी ओढून पाहिला. दात घट्ट मिटलेले होते आणि डोळे पूर्ण उघडे. त्यांनी दुसऱ्या हाताने तिचा गाल थोपटला, "अगं सोड, अजून देतो, अगं सोड की," असे ते बोलत राहिले. बऱ्याच वेळाने चमचा सुटला तेव्हा त्यांना तिची जीभ दिसली. सालपट निघालेल्या लाकडासारखी, मधोमध चीर पडलेली.

त्यांनी आणखी चमचे दिले. काही आत गेले, काही उजव्या बाजूने बाहेर आले आणि झग्यावर सांडले.

ताई दारावर टकटक करून आत आली.

"अरे वा, काका आज स्वतः पाजतायत."

"ताई, हिला पाणी कधी दिलं होतं?"

"आत्ताच की. भांडं बघा ना, भरलेलंच आहे."

"भरलेलंच आहे. म्हणूनच विचारतोय."

ताईने भांड्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे, मग मास्तरीणबाईंच्या पलंगाकडे. हसू होते तसेच राहिले. मास्तरीणबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"बाई काही बोलल्या का तुम्हाला?"

"नाही," गोदामवाले म्हणाले. "झोपल्यात त्या."

ताई गेल्यावर त्यांनी पायाकडच्या घडीत हात घातला. तंतू होता. मागच्या आठवड्यात ठेवलेला, की त्याच्या आधीच्या, हे त्यांना आठवेना. तंतू जागेवर आहे म्हणजे चादर बदललेली नाही. इतके दिवस ते इथपर्यंतच विचार करत होते. चादर बदललेली नाही म्हणजे तिला कुशीवर वळवलेलेही नाही, हे त्याच्या पुढचे होते. त्यांनी पलंगाच्या कठड्याला कंबर टेकवली, दोन्ही हातांनी बायकोला जमेल तेवढी वळवली आणि पाहिले. माकडहाडाच्या जागी जखम होती. त्यांचा पंजा रोज त्या जखमेपासून चार बोटे वर थांबत होता.

त्याच संध्याकाळी मॅडमशी वाद घालून त्यांनी तिला रुग्णालयात हलवले. मूत्रमार्गात जंतू, अंगातले पाणी कमी झालेले, माकडहाडाशी एकाच कुशीवर पडून झालेले शय्याव्रण. पहिली सलाईन संपायच्या आत तिचे डोळे हलायला लागले.

"या वयात तहान कळत नाही," रुग्णालयातला डॉक्टर म्हणाला. "असं होतं कधीकधी."

"होतं, की केलं जातं?"

"ते मी कसं सांगू? मी रक्त तपासतो. खोली तपासत नाही."

ताईला हटवा, तोफेला परत आणा, असे सांगायला ते शुश्रूषागृहात गेले, तर मॅडमचे म्हणणे वेगळे होते. त्यांच्या टेबलावर गोदामवाल्यांची जुनी तक्रार होती.

"काका, हे अक्षर तुमचंच ना?"

"चादर ओली राहते असं लिहिलंय मी. बायकोला तहानलेली ठेवा असं नाही लिहिलं."

"शब्दाला शब्द वाढवू नका. तुम्ही म्हणालात, बाई बदला. बदलली. आता म्हणता ही नको, तीच बरी होती. उद्या म्हणाल छप्पर बदला." मॅडमनी कागद सरळ केला. "आणि जिला परत आणा म्हणताय, तिनं एका म्हाताऱ्यावर हात उगारला होता. ते ठाऊक आहे का?"

ते गोदामवाल्यांना ठाऊक नव्हते.

"काकूंची जागा ठेवायची की नाही, ते तेवढं परवापर्यंत कळवा. वाट बघणारे खूप आहेत."

ते सौजन्याने सांगितले होते की धमकी म्हणून, हे त्यांना ठरवता आले नाही. दुसऱ्या शुश्रूषागृहांत जागा नव्हती. मुलीकडे दोन खोल्या आणि दोन लहान मुले. रुग्णालय एखादा आठवडा ठेवून घेणार होते, त्यापुढे नाही. घरी पलंग होता, भिंत होती आणि मधली फट होती. त्यांनी कळवले, जागा ठेवा. आणि त्याच दिवशी शुश्रूषागृहांच्या सरकारी तपासणी कार्यालयात जाऊन दुसरी तक्रार दिली. यावेळी शुश्रूषागृहावर.

तपासणीला एक अधिकारी आला, पण आधी कळवून आला. चादरी कोरड्या होत्या, भांडी भरलेली होती, टेबले पलंगांना टेकवलेली होती. त्याने सहा नंबरमध्ये मास्तरीणबाईंना विचारले, पाणी वेळेवर मिळते का. शेजारी ताई उभी होती.

"मी कुठे काय म्हणाले?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "ताई सोन्यासारखी आहे. या माणसाला संशयाची खोड आहे, गोदामात काम करायचा ना."

अधिकारी हसला. गोदामवाल्यांना राग आला नाही. मास्तरीणबाईंना त्या रात्री त्याच पलंगावर झोपायचे होते.

अधिकारी कार्यालयात परतल्यावर तक्रारीला जोडलेला रुग्णालयाचा कागद त्याच्या वरिष्ठ बाईंपुढे गेला आणि त्यांनी गुरुवारी सकाळी अकरा वाजता प्रत्यक्ष येऊन चौकशी करायचे ठरवले. साक्षीदार असतील तर आणा, असे त्यांनी गोदामवाल्यांना सांगितले.

साक्षीदार एकच होती. ती आता एका तयार कपड्यांच्या कारखान्यात शिवणींचे सुटे दोरे कापण्याचे काम करत होती. हा पत्ता काढायला त्यांना शुश्रूषागृहाच्या पहारेकऱ्याशी बरेच गोड बोलावे लागले. जेवणाच्या सुट्टीत ते कारखान्याच्या फाटकाशी उभे राहिले. तोफ बाहेर आली, त्यांना पाहून थांबली.

"कुणी पाठवलं तुम्हाला? मॅडमनी?"

"नाही. मीच आलो."

"मी आता तिथे नाही. तिथली काही भानगड असेल तर मला त्यात ओढू नका."

"हिला रुग्णालयात ठेवलंय. पाणी कमी झालं अंगातलं."

तोफेने हातातला डबा कठड्यावर ठेवला.

"जेवणानंतर पाणी बंद," ती म्हणाली. "पाच वाजेपर्यंत. आणि रात्रीच्या पाळीला सगळ्या मजल्याला एकच बाई, म्हणून संध्याकाळनंतरही बंद. सगळ्यांना तोंडी सांगितलेलं. कागदावर शोधायला जाल तर काही मिळायचं नाही."

"पाच वाजेपर्यंतच का?"

"आता तेही मीच सांगू? भेटायला येणारी माणसं काय करतात? खाली हात घालतात. चादर कोरडी तर सेवा चांगली. तुम्ही एकटे नाही हो काका, सगळेच घालतात. तुमच्या हाताला कोरडं लागावं म्हणून त्यांचं तोंड कोरडं."

गोदामवाल्यांनी हात खिशात घातले.

"हे तुम्ही मला तेव्हा सांगितलं नाही."

"पहिल्याच दिवशी सांगितलं. पाणी पाजलं की ओलं होणारच. यापेक्षा काय सांगायचं? तुम्हाला वाटलं बाई कामचुकार आहे, सबब सांगतेय."

"तुम्ही ते गोड बोलून सांगितलं असतं तर..."

"गोड बोलायला वेळ लागतो. चार खोल्या होत्या माझ्याकडे. माझं तोंड वाईट आहे, हात वाईट नाही."

गोदामवाल्यांनी विचारायचे ते विचारले. "एका म्हाताऱ्याला मारलं होतं तुम्ही, असं म्हणतात."

फाटकातून बायका आतबाहेर करत होत्या, त्यांतल्या एकीने हाक मारली तरी तोफेने मान वळवली नाही.

"मारलं होतं. एकदा. हातावर. सलाईनची सुई उपटत होता, रक्त लागलं होतं सगळीकडे. चापट मारली मी. विचारलं तर सांगेन."

"गुरुवारी अकरा वाजता चौकशी आहे. तिथेच, मॅडमच्या खोलीत."

"मी येऊन काय होणार? तक्रार तर माझ्यावरच आहे. आणि तीही तुमची."

"मी मागे घेतो."

"तुम्ही कागद मागे घ्याल. माझी नोकरी येते का मागे?" तिने डबा उचलला. "इथे खाडा झाला की दुसऱ्या दिवशी तुमच्या खुर्चीवर दुसरी बाई बसलेली असते. जा तुम्ही. काकूंना डाव्या बाजूनं पाजा. उजवीकडून सगळं सांडतं."

ती येईल असे ती म्हणाली नाही. येणार नाही असेही म्हणाली नाही. परतीच्या वाटेवर गोदामवाले त्या बोलण्याला उलटेसुलटे करून पाहत होते. ती खरे बोलत होती, की नोकरी घालवल्याचा सूड म्हणून मॅडमवर ढकलत होती? चापट एकदाच मारली होती, की सापडली एकदाच? आणि ताई, तिला जे सांगितले तेच ती करत होती का? सांगितले म्हणून केले, तर ते कमी होते की जास्त? कोणत्याही बाजूने धरले तरी दाणा दाढेखाली दबत होता.

बायको सहा नंबरमध्ये परत आली. चौकशी डोक्यावर असल्याने मॅडमनी गोदामवाल्यांना सकाळपासून पाचपर्यंत बसायची मुभा दिली. ते डबा घेऊन येत आणि दर तासाला चमच्याने पाणी देत, डाव्या बाजूने. कुशीवर वळवायला मात्र ताईलाच बोलवावे लागे. ती येई, टकटक करून, हसून. दोघे मिळून वळवत. "काका, तुमचा माझ्यावर राग आहे," एकदा ती हलक्या आवाजात म्हणाली. "मला काय हौस आहे का कुणाला तहानलेलं ठेवायची?" मग तिने दाराकडे पाहिले आणि पुढचे बोलली नाही. पुढचे काय होते, हे विचारायला गोदामवाल्यांनी तोंड उघडले तोवर ती गेली होती.

पाचनंतर काय होत होते, ते अजूनही कळत नव्हते. सकाळी आल्याबरोबर ते बायकोची जीभ बघत. कधी ओली असे, कधी नसे.

गुरुवारी सकाळी तपासणी अधिकारी बाई वेळेवर आल्या आणि मॅडमच्या खोलीत गेल्या. दार बंद झाले. गोदामवाले बाहेरच्या बाकावर बसले. बाकावर ते एकटेच होते. साडेअकरा होत आले तेव्हा फाटकाशी पहारेकऱ्याचा आवाज चढला.

"कुणाला भेटायचंय? भेटीची वेळ तीनला."

"भेटायला नाही आले. साक्षीला आले."

तोफ आत आली. कपडे इस्त्रीचे होते, केस चापून बसवलेले. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. औषधांची गाडी ढकलत ताई समोरून चालली होती. तिने तोफेला पाहिले, गाडी थांबवली, पुन्हा ढकलली.

"खाडा झाला तुमचा," गोदामवाले म्हणाले.

"झाला."

"मी तक्रार मागे घेतल्याचं लिहून आणलंय."

"ठेवा तुमच्याजवळच. आत विचारतील तेव्हा तोंडानं सांगा. काकू कशा आहेत?"

"सकाळी बरं घेतलं. मघाशी तोंड मिटून घेतलं."

"मग थोडं थांबून पुन्हा द्यायचं. सोडून नाही द्यायचं."

दार उघडले. मॅडम स्वतः दारात आल्या. तोफेकडे पाहून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अरे, तुम्ही? या, या. आधी तुम्हीच या." गोदामवाल्यांकडे त्यांनी पाहिले नाही. तोफ उठली, तिने पिशवी बाकावर ठेवली, परत उचलली आणि आत गेली. दार पुन्हा बंद झाले.

गोदामवाल्यांनी कान दिला. तिचा आवाज चार खोल्यांपलीकडे जायचा, पण आज दाराबाहेर एक शब्दही येत नव्हता. एकदा खुर्ची सरकल्यासारखे वाटले. एकदा मॅडम काहीतरी म्हणाल्या आणि कुणीतरी हसले. कोण, ते कळले नाही.

बारा वाजले. ते उठले आणि जिना चढून सहा नंबरमध्ये गेले. बायको जागी होती. पलीकडे मास्तरीणबाई झोपल्या होत्या, किंवा झोपल्यासारख्या पडल्या होत्या. त्यांनी बायकोच्या मानेखाली उशी दुमडली, खुर्ची डाव्या बाजूला ओढली आणि पहिला चमचा ओठांशी नेला. तिने तोंड उघडले नाही. ते थांबले. मग पुन्हा नेला.

तिसऱ्या चमच्याला पाणी आत गेले. त्याच वेळी शिपाई दारात आला.

"गोदामवाले काका, खाली बोलावलंय. बाईसाहेब थांबल्यात, लवकर चला. त्यांना अजून दुसरीकडे जायचंय."

"ती बाई काय म्हणाली आत?"

"मला काय माहीत? मी बाहेर होतो. रडून आल्यासारखी दिसली. फाटकाकडे गेली."

गोदामवाल्यांनी मान वळवली नाही. ते बायकोच्या गळ्याकडे बघत होते. पाणी तोंडात होते, अजून खाली उतरले नव्हते.

"बाईसाहेबांना सांगा," ते म्हणाले, "येतो. हिला गिळू दे."

शिपाई दारातच थांबला.